१९११ पिस्तूल: साडेचारशे डॉलरचं आणि चार हजार डॉलरचं, फरक नेमका कुठे असतो?

मोजपट्टी

१९११ घ्यायचं ठरवलं की माणूस किमतीपेक्षा किमतींमधल्या अंतराने गोंधळतो. अमेरिकेच्या बाजारात पाच इंची नळीचं, .४५ एसीपी काडतुसाचं, सात काडतुसांच्या मॅगझिनचं तेच पिस्तूल साधारण साडेचारशे डॉलरला सुरू होतं आणि चार हजारांच्या पुढे जातं. आराखडा एकच, जॉन ब्राउनिंगचा, २९ मार्च १९११ रोजी अमेरिकी सैन्याने स्वीकारलेला. मग वरचा पैसा जातो कुठे?

माझं मत आधीच सांगून टाकतो: थोडा नावात जातो, थोडा पोलादात जातो आणि सगळ्यात जास्त कानशीत जातो. म्हणजे भाग एकमेकांत हाताने बसवणाऱ्या कारागिराच्या तासांत.

यावर लगेच एक आक्षेप येतो. दुसऱ्या महायुद्धात कोल्ट, रेमिंग्टन रँड, इथाका, युनियन स्विच अँड सिग्नल अशा वेगवेगळ्या कारखान्यांतून ही पिस्तुलं निघाली. शिलाई मशीनवाल्या सिंगरनेही पाचशे बनवली. तेव्हा कोण कानस घेऊन बसलं होतं? तरी ती चाललीच ना? चालली, कारण सगळ्यांपुढे नकाशा एक होता आणि प्रत्येक भाग गेजवर (ठरलेल्या मापाच्या साच्यावर) तपासला जात होता. एका कारखान्याची नळी दुसऱ्याच्या स्लाइडमध्ये (नळीवरचा, मागेपुढे सरकणारा भाग) बसली पाहिजे अशी अट होती. त्यासाठी जागा मोकळ्या ठेवल्या, अचूकता थोडी सोडली आणि भरवसा मिळवला.

आजचे उत्पादक एकाच नकाशावर चालत नाहीत. प्रत्येकाची मापं थोडी हललेली, वर ग्राहकाला फटी दिसायला नकोत. फट कमी केली की भाग आपोआप बसत नाही, कुणीतरी बसवावा लागतो. दर्जाची पायरी इथे ठरते. ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी आपापल्या भागावर लिहावं. नुसती नावांची यादी नको.

पितळी_पुंगळी

चांगला धागा. बाजारातल्या पायऱ्या आधी मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं कशाबद्दल आहे ते कळेल. आकडे ढोबळ आहेत.

सहाशे डॉलरच्या आत मुख्यतः फिलिपिन्सच्या आर्मस्कॉरची रॉक आयलंड आणि तुर्कस्तानची टिसास. रॉक आयलंडची फ्रेम (मुठीसकटचा खालचा सांगाडा) ओतीव, टिसासची फ्रेम आणि स्लाइड घडीव. आठशे ते बाराशेमध्ये स्प्रिंगफील्ड, रुगर, कोल्ट. स्प्रिंगफील्डचं घडीव काम ब्राझीलच्या इंबेलकडून येत आलं आहे. रुगर एसआर१९११ ची फ्रेम ओतीव स्टेनलेस आहे, पण तिची नळी आणि बुशिंग (नळीच्या तोंडाशी बसणारं कडं) एकाच सळीतून काढतात. दोन हजारांच्या आसपास डॅन वेसन. २०२१ मध्ये सीझेडने कोल्ट घेतली, डॅन वेसन आधीपासून त्यांच्याकडे होती, त्यामुळे दोन वेगळ्या पायऱ्यांची पिस्तुलं आता एका घरची आहेत. त्याच्या वर लेस बेअर, आणि मग विल्सन कॉम्बॅट, नाइटहॉक, एड ब्राउन.

ओतीव फ्रेम म्हणजे कमअस्सल, हा समज मात्र सोडून द्या. .४५ एसीपीचा दाब कमी असतो आणि चांगली ओतीव फ्रेम हजारो फैरी सहज झेलते. ओतीव स्लाइड असेल तर मी विचार करीन, ओतीव फ्रेमबद्दल नाही.

कानसवाला

मोजपट्टी यांच्याशी सहमत. कानस नेमकी कुठे लागते ते सांगतो.

पिस्तूल हलवून खडखड ऐकायची आणि खडखड नाही म्हणजे भारी माल, अशी दुकानातली रीत आहे. ती दिशाभूल करते. अचूकतेत स्लाइड आणि फ्रेममधल्या फटीचा वाटा सगळ्यात लहान. खरं काम नळीचं. प्रत्येक फैरीनंतर नळी स्लाइडमध्ये त्याच जागी परत येते का, एवढाच प्रश्न आहे. ती जागा तीन ठिकाणी ठरते: पुढे बुशिंग, मागे वरचे लग्ज (स्लाइडच्या खाचांत अडकणारे नळीवरचे उंचवटे) आणि नळीचं हूड (नळीचं मागचं, वरचं टोक), खाली स्लाइड स्टॉपच्या (मॅगझिन संपलं की स्लाइड मागे अडवणारी कळ) पिनवर बसणारे खालचे पाय.

स्वस्त पिस्तुलात हे तिन्ही 'चालेल' इतपत असतात. नळी स्लाइडच्या खाचांत पुरेशी वर चढत नाही, किंवा पायांऐवजी नुसत्या लिंकवर उभी राहते. लिंक ही लटकती पट्टी आहे. तिचं काम नळी खाली ओढायचं, नळीचा भार पेलायचं नाही. नकाशाप्रमाणे तिच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर ०.२७८ इंच. काही जण मोठी लिंक घालून नळी वर रेटतात आणि वरून दाबल्यावर ती घट्ट लागते. पण मग स्लाइड मागे जाताना नळी वेळेवर खाली उतरत नाही, लग्जच्या कडा एकमेकींवर आपटतात आणि गोल होतात. झटपट केलेली 'अचूकता' ती हीच.

चांगली फिटिंग म्हणजे वरचे लग्ज निदान चाळीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), जमल्यास पंचेचाळीस ते पन्नास थाऊ खाचेत गेलेले, खालचे दोन्ही पाय पिनवर सारखे टेकलेले, हूडच्या मागे आणि बाजूंना केसाएवढी सारखी फट. उलट्या बाजूने, स्लाइड पाव इंच मागे आली की नळी पूर्ण उतरून फ्रेमच्या पलंगावर बसली पाहिजे आणि लिंक ताणली जाण्याआधी फ्रेमच्या उभ्या भिंतीला टेकली पाहिजे. हे सगळं एकाच नळीत साधायला जास्त मापाची नळी घ्यावी लागते. शाई लावायची, बसवायची, कुठे लागतं ते बघायचं, दोन थाऊ काढायचे, परत शाई. वरच्या पायरीचे पैसे तिथे जातात.

स्लाइडस्टॉप

मग फटीचा काहीच अर्थ नाही का? लेस बेअरची तर ख्यातीच घट्टपणासाठी आहे.

कानसवाला

अर्थ आहे, पण शेवटी येतो. लेस बेअर ५० यार्डांवर तीन इंचांची हमी देतात, जास्त पैसे दिले तर दीड इंचाची. विल्सनच्या सीक्यूबी मॉडेलला २५ यार्डांवर एक इंच. अशी हमी आधी नळीच्या बसवणीवर उभी असते, मग रेल्सवर, म्हणजे स्लाइड फ्रेमवर ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांवर. घट्ट रेल्स असून नळी सैल असेल तर कागदावरचं गोळ्यांचं झुबकं मोठंच राहील. उलट रेल्स थोड्या सैल, पण नळी पक्की असलेलं जुनं पिस्तूल चांगलं मारतं, कारण पुढची आणि मागची साइट दोन्ही स्लाइडवर आहेत आणि नळी स्लाइडशी जुळलेली आहे. फ्रेम फक्त खालून धरून असते.

आणखी एक. बुशिंग घट्ट म्हणजे पाना लागलाच पाहिजे असं नाही. बुशिंगचं आतलं भोक नळीच्या कलाशी जुळलेलं नसेल तर नळी खाली झुकताना बुशिंगमध्ये अडकते आणि धनुष्यासारखी वाकते. बंद स्थितीत बोटाने हूड दाबा. स्प्रिंगसारखं दबून परत वर आलं तर हेच चाललंय असं समजा.

रेताड

एमआयएमवर कुणी बोलेल का? 'एमआयएमचे भाग आहेत, घेऊ नका' हे वाक्य प्रत्येक चर्चेत येतं.

मोजपट्टी

एमआयएम म्हणजे मेटल इंजेक्शन मोल्डिंग: धातूची बारीक भुकटी बांधणीद्रव्यात कालवून साच्यात दाबतात, बांधणीद्रव्य काढून टाकतात आणि भट्टीत भाजतात. भाजताना भाग पंधरा-वीस टक्के आकसतो. भट्टी आणि भुकटी ताब्यात असेल तर निघालेला भाग चांगला असतो. ताब्यात नसेल तर आत पोकळी राहते आणि ती बाहेरून दिसत नाही.

म्हणून सरसकट नाकारू नका, भाग बघून ठरवा. मेनस्प्रिंग हाउसिंग, मॅगझिन कॅच, ग्रिप सेफ्टी (मुठीमागची, दाबली तरच चाप चालू देणारी) यांना फारसा धक्का बसत नाही, तिथे एमआयएम खुशाल चालेल. घोडा (पिनवर आपटणारा), सीअर (घोडा अडवून धरणारा), डिस्कनेक्टर (स्लाइड बंद नसताना चापाचा संबंध तोडणारा) यांत नीट बनलेलं एमआयएम वर्षानुवर्षं टिकतं. स्लाइड स्टॉप आणि थंब सेफ्टीच्या (अंगठ्याने लावायची) दांड्याबद्दल मी साशंक असतो, कारण तिथे वाकणारा ताण येतो. एक्स्ट्रॅक्टरला (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) तर ते अजिबात नको. १९११ चा आतला एक्स्ट्रॅक्टर स्वतःच स्प्रिंग आहे. त्याला वेगळी स्प्रिंग नाही, तो वाकून परत येतो म्हणून पुंगळी धरतो. एमआयएम एक्स्ट्रॅक्टर हळूहळू ताण सोडतो.

हिशेब साधा आहे. हजाराच्या आतलं पिस्तूल घेतलं तर पोलादी सळीतून कापलेला एक्स्ट्रॅक्टर वेगळा घ्या. फार खर्चाचा भाग नाही आणि सगळ्यात जास्त कटकट तोच वाचवतो.

पितळी_पुंगळी

+१. फक्त नुसता घेऊन खुपसू नका, तो बसवावा लागतो. कसा ते लिहितो, कारण बिघाडांचं मूळ बहुतेक वेळा मॅगझिनमध्ये असतं आणि मॅगझिन निर्दोष निघालं की इथे.

स्लाइड फ्रेमवरून उतरवा. डमी काडतूस खालून सरकवत एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली न्या. ते सहज सरकायला हवं, अंगठ्याने जोर लावावा लागता कामा नये. आता स्लाइड आडवी धरून हळू हलवा. काडतूस जागेवर राहिलं पाहिजे. जोरात झटकलं तर पडलं तरी चालेल. आपोआप गळत असेल तर ताण कमी. वर चढतच नसेल तर ताण जास्त, किंवा आकड्याची खालची कड धारदार राहिलीय. ती कड गोल करून घासायची असते आणि स्वस्त पिस्तुलांत नेमकं तेच राहून गेलेलं असतं.

दुसरं बघायचं ते आकड्याचं टोक. पुंगळीच्या खाचेत पुढच्या उतारावर ते टेकता कामा नये. एक्स्ट्रॅक्टरने पुंगळीच्या कडेला बाजूने दाबायचं असतं, टोकाने रुतायचं नसतं. टोक रुतलं की काडतूस तिरकं चढतं आणि स्लाइड शेवटचे दोन-तीन मिलिमीटर पुढे यायची राहते.

तिसरं, फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) जागेवर ठेवणारा फायरिंग पिन स्टॉप. ही मागची चौकोनी पट्टी एक्स्ट्रॅक्टरला फिरू देत नाही. पट्टी सैल असेल तर एक्स्ट्रॅक्टर स्वतःभोवती घड्याळाच्या काट्यासारखा किंचित फिरतो. मग पुंगळ्या कधी उजवीकडे, कधी डोक्यावरून, कधी कपाळावर. ताण कितीही बदला, हे सुटत नाही. थोडी मोठी पट्टी आणून तिची कड घासून बसवली की थांबतं.

ताण वाढवायचा असेल तर एक्स्ट्रॅक्टरचं पुढचं टोक त्याच्याच बोगद्यात मागून थोडं घाला आणि बाजूला किंचित दाबा. थोडं वाकवा, तपासा, परत थोडं. आकड्यापाशी दहा थाऊच्या आसपास सरकणी मिळाली की बास.

आणि नळीत काडतूस हाताने टाकून त्यावर स्लाइड सोडू नका. या रचनेत काडतूस मॅगझिनमधून आकड्याखाली सरकायचं असतं. वरून उडी मारायला लावलं की आकडा ताण सोडतो किंवा तुटतो.

सुगरण_नेमबाज

मॅगझिनबद्दल एकच गोष्ट आणि ती महत्त्वाची. दोन हजारांचं पिस्तूल आणि पेटीतून आलेलं सुमार मॅगझिन ही जोडी साडेचारशेच्या पिस्तुलाला आणि विल्सन ४७डी किंवा ट्रिप कोब्रासारख्या चांगल्या मॅगझिनला हरते. घेतल्यावर आधी सात-आठ चांगली मॅगझिन घ्या, प्रत्येकावर क्रमांक टाका आणि बिघाड झाला की क्रमांक लिहून ठेवा. एकाच क्रमांकावर बिघाड येत असेल तर पिस्तुलाला हात लावू नका.

शेवटचं काडतूस आडवं-तिडवं होतंय, बाकी सगळी ठीक? स्प्रिंग थकलीय, किंवा फॉलोअरवर (मॅगझिनमधली काडतुसांखालची पट्टी) तो छोटा उंचवटा नाही. मूळ मॅगझिनच्या फॉलोअरवर उंचवटा असतो, तो शेवटच्या काडतुसाला धक्क्याने पुढे सरकू देत नाही. काही आठ काडतुसांच्या मॅगझिनांत जागा करायला तोच काढून टाकलेला असतो. काडतुसं शिल्लक असतानाच स्लाइड मागे अडकते? गोळीचं नाक स्लाइड स्टॉपच्या आतल्या उंचवट्याला घासतंय. तिथे शाई लावून बघा. अल्युमिनियम फ्रेम असेल तर फॉलोअरची पुढची कड फ्रेमच्या रँपवर (काडतूस नळीत चढायचा उतार) खड्डे पाडते का तेही बघा.

स्लाइडस्टॉप

सुगरण, सात-आठ मॅगझिन म्हणजे स्वस्त पिस्तुलाच्या निम्म्याएवढे पैसे झाले!

सुगरण_नेमबाज

हो, आणि ते वाया जात नाहीत. पुढे पिस्तूल बदललं तरी मॅगझिन तीच चालतात.

रेताड

सिरीज ७० आणि सिरीज ८० मध्ये दर्जाचा फरक आहे का? जाहिरातीत 'सिरीज ७०' मानाने लिहितात.

मोजपट्टी

दर्जाचा नाही, रचनेचा. १९७० मधल्या कोल्टच्या सिरीज ७० ची खरी खूण वेगळीच होती, बोटांसारखी चिरलेली कॉलेट बुशिंग. ती बोटं कधीकधी तुटायची म्हणून पुढे बंद झाली. आज 'सिरीज ७०' म्हणतात तेव्हा अर्थ एवढाच की फायरिंग पिनला अडसर नाही. १९८३ मध्ये सिरीज ८० आली. तिच्यात चाप दाबल्यावरच सरकणारा अडसर आहे, म्हणजे पिस्तूल नळीवर पडलं तरी पिन जडत्वाने पुढे जात नाही. अडसराचे जादा तुकडे असल्याने चाप किंचित जड लागतो, पण चांगल्या हातात तो फरक नगण्य होतो.

किंबर सिरीज २ मध्ये अडसर चापाऐवजी ग्रिप सेफ्टीने सरकतो. तिथे चाप मोकळा राहतो, पण ग्रिप सेफ्टीचं वेळापत्रक चुकलं तर अडसर पूर्ण उठण्याआधीच घोडा पडू शकतो. स्प्रिंगफील्ड आणि रुगर यांनी तिसरा मार्ग घेतला: हलकी टायटॅनियमची पिन आणि सोबत जड स्प्रिंग. अडसर नाही, पण पिनचं वजनच कमी.

मृगनक्षत्र

लांबीवर कुणी बोललं नाही. चार हजारांची फिटिंग असली तरी तीन इंची नळीचं १९११ हे पाच इंची १९११ इतकं सहनशील नसतं. मूळ हिशेब पाच इंच नळी, त्याच प्रमाणात स्लाइडचं वजन आणि प्रवास, १६ पौंडांची रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे आणणारी) आणि २३० ग्रेन वजनाची गोळी असा होता. स्लाइड आखूड केली की ती हलकी होते आणि वेगाने फिरते, प्रवास कमी होतो आणि मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर ढकलायला वेळ कमी पडतो. नळीला जास्त झुकावं लागतं म्हणून बुशिंगही जाते आणि नळीचं टोक शंकूसारखं करावं लागतं. सव्वाचार इंची कमांडर अजून चांगल्या मापात आहे. तीन इंचाला स्प्रिंग फार लवकर बदलावी लागते.

पहिल्यांदा १९११ घेणाऱ्याने स्वस्त पायरीवर तीन इंची तर घेऊच नये. तिथे सवलत कुठेच नाही.

स्लाइडस्टॉप

आता मुद्द्याचं विचारतो. दुकानात काउंटरवर, फैर न झाडता, पायरी कशी ओळखायची? किमतीचं लेबल झाकलं तर?

कानसवाला

दहा मिनिटांत बरंच कळतं. आधी मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासा. विक्रेत्याची परवानगी घ्या. नंतर या क्रमाने जा.

पहिले थंब सेफ्टी. घोडा चढवा, सेफ्टी वर करा, ग्रिप सेफ्टी दाबून चाप नेहमीपेक्षा जोराने ओढा, सोडा. सेफ्टी खाली करा. घोडा पडता कामा नये. आता पिस्तूल कानापाशी आणून अंगठ्याने घोडा जरासा मागे ओढा. बारीक 'टिक' ऐकू आली तर सेफ्टी लागलेली असतानाही सीअर किंचित सरकलं होतं आणि आता जागेवर बसलं. म्हणजे सेफ्टीची बसवणी अपुरी आहे. चांगल्या पिस्तुलात पूर्ण शांतता असते. या एका टिकेवरून कारखान्यात कुणी भाग बसवला की नुसता घातला, हे कळतं.

मग घोडा चढवून, ग्रिप सेफ्टीला हात न लावता चाप ओढा. पडता कामा नये. स्लाइड पाव इंच मागे धरून चाप ओढा. पडता कामा नये, हे डिस्कनेक्टरचं काम. चाप दाबूनच ठेवा, स्लाइड मागे ओढून सोडा, आता चाप सोडा. घोडा चढलेला राहून रीसेटचा टिक ऐकू आला पाहिजे. अर्ध्या खाचेवर घोडा ठेवून चाप ओढा. सिरीज ७० मध्ये तो अडकलाच पाहिजे. सिरीज ८० च्या कोल्टमध्ये ती खाच सपाट असते, तिथून घोडा सुटतो, तो दोष नाही.

नंतर नळी. स्लाइड बंद, अंगठ्याने हूड खाली दाबा. दगडासारखं लागलं तर उत्तम. खाली गेलं आणि वर आलं तर कारण शोधा.

मॅगझिनच्या विहिरीतून टॉर्च मारून फ्रेमच्या रँपचा आणि नळीच्या घशाचा सांधा बघा. फ्रेमच्या रँपच्या वरच्या कडेपासून नळी सुमारे बत्तिसांश इंच पुढे असायला हवी, म्हणजे पाऊण मिलिमीटरभर पायरी दिसते. नळी रँपच्या वर लटकत असेल तर गोळीचं नाक तिला आपटून काडतूस अडकणार. ही फट 'साफ दिसावी' म्हणून दोन्ही पृष्ठभाग एकत्र घासून सपाट करणारे आहेत, त्यांच्यापासून दूर राहा.

शेवटी डाव्या बाजूची प्लंजर ट्यूब, म्हणजे थंब सेफ्टी आणि स्लाइड स्टॉप दाबून धरणाऱ्या स्प्रिंगची नळकांडी. ती दोन छोट्या पायांनी फ्रेमला आतून ठोकून बसवलेली असते. नखाने हलवा. हलली तर थंब सेफ्टीखाली सरकून सेफ्टी वरच अडकवू शकते. पुढची साइट ठोकून बसवलेली असेल तर तीही हलवून बघा. दुहेरी सेफ्टी असेल तर उजव्या पातीचा खेळ बघा. स्वस्त पिस्तुलात मधला सांधा लवकर ढिला होतो.

अबोली_०७

कानसवाला यांच्या यादीत धारा राहिल्या. मूठ धरून बोटं सगळीकडून फिरवा: मागच्या साइटच्या कडा, स्लाइड स्टॉपचं टोक, मॅगझिनच्या विहिरीचं तोंड, ग्रिप सेफ्टीच्या खालची कड. फ्रेमच्या पुढच्या पट्टीवरची खडबड इंचाला २५ रेघांची असेल तर प्रत्येक टोक सारख्या उंचीचं आहे का ते भिंगातून बघा. शेवटची रांग चापाखालच्या वळणात सरळ संपली असेल तर ते काम वेळ देऊन केलेलं आहे. मशीनला ते वळण अवघड जातं.

आणि स्टेनलेस असेल तर रेल्स बघाच. एएमटी हार्डबॉलरच्या काळात एकाच कठीणपणाच्या स्टेनलेसवर स्टेनलेस घासून धातू चिकटायचा, पापुद्रे निघायचे. आता फ्रेम आणि स्लाइडचा कठीणपणा वेगळा ठेवतात. तरी स्टेनलेसला तेल जास्तच लागतं, रेल्स ओल्या दिसल्या पाहिजेत.

रेताड

म्हणजे वरच्या पायरीचं पिस्तूल सरळ जास्त भरवशाचं, असं म्हणायचं का?

मृगनक्षत्र

नाही, आणि याच ठिकाणी लोक फसतात. १९११ च्या मार्चमधल्या चाचणीत ब्राउनिंगच्या पिस्तुलाने ६,००० फैरी न अडखळता झाडल्या. तापलं की पाण्यात बुडवून गार करायचे आणि पुढे चालू. ते पिस्तूल आजच्या मापाने सैल होतं. घट्ट पिस्तुलाला घाण, सुकलेलं तेल, वाळू कमी सोसते. लेस बेअर सुरुवातीच्या पाचशे फैरी भरपूर तेल घालून झाडायला सांगतात, तोवर स्लाइड ओढायलासुद्धा ताकद लागते. कागदावर एक इंचाचं झुबकं हवं असेल तर ते पैसे सार्थकी लागतात. रोज कमरेला लावायचं असेल तर दोन हजारांची पायरी मला जास्त पटते: घडीव फ्रेम आणि स्लाइड, चांगल्या पोलादाचे आतले भाग, आणि हाताने बसवलेली पण अतिघट्ट नसलेली नळी.

मोजपट्टी

मृगनक्षत्र यांच्याशी सहमत, थोडी भर घालतो. हजारच्या पायरीचं पिस्तूल घेऊन त्यात चांगला एक्स्ट्रॅक्टर, नवी १६ पौंडी स्प्रिंग, फायरिंग पिनची स्प्रिंग, मोठ्या मापाचा फायरिंग पिन स्टॉप आणि जाणकाराकडून चापाचं काम, इथपर्यंत गेलात तर हिशेब जमतो. त्यापुढे नळी, बुशिंग, साइट्स, खडबड असं वाढवत गेलात तर दोन हजारांच्या पुढे जाल आणि विकताना हजारच मिळतील. तेव्हा तेवढे पैसे पहिल्यांदाच वरच्या पायरीवर टाका.

घोडा आणि सीअरवर घरी दगड घासू नका. घोड्याच्या हुकांची उंची वीस थाऊच्या आसपास असते. पाच थाऊ इकडचे तिकडे झाले, कोन चुकला, की स्लाइड पुढे आल्यावर घोडा मागोमाग पडू लागतो. साडेचार पौंडांचा स्वच्छ चाप तीन पौंडांच्या संशयास्पद चापापेक्षा केव्हाही बरा. रिकॉइल स्प्रिंग दोन-तीन हजार फैरींनी बदला, फायरिंग पिनची स्प्रिंग तिच्यासोबतच.

स्लाइडस्टॉप

शेवटचा प्रश्न. वापरलेलं, वरच्या पायरीचं पिस्तूल कमी भावात मिळतंय. स्लाइड उतरवल्यावर नळीच्या पहिल्या लगची पुढची कड चमकदार आणि किंचित गोल दिसते. विकणारा म्हणतो, वापराने होतं.

कानसवाला

चमक वापराने येते. गोलाई येत नाही. नखाने त्या कडेवर आडवं ओढा. कडेला वर उठलेला ओठ लागला तर लग्ज पूर्ण सुटण्याआधी स्लाइड मागे खेचली जातेय. स्लाइडच्या आतल्या खाचांच्या कडा टॉर्चने बघा. गोलाई फक्त नळीवर असेल तर नवी नळी बसवून पिस्तूल वाचतं. स्लाइडमध्येही असेल तर नुसती नळी बदलून भागणार नाही, कारण नवी नळीही त्याच झिजलेल्या खाचांत बसेल.

कारण शोधायला रिकॉइल स्प्रिंग काढून नळी, लिंक, स्लाइड स्टॉप घालून स्लाइड फ्रेमवर चढवा आणि हाताने सावकाश मागे न्या. पाव इंचावर थांबा आणि नळी बोटाने खाली दाबून बघा. ती आधीच बसलेली असेल तर कारण दुसरीकडे आहे. अजून खाली जात असेल तर उतरणं उशिरा होतंय. लिंक काढून मोजा. ०.२७८ पेक्षा मोठी निघाली तर कुणीतरी नंतर बदललेली असण्याचा दाट संभव आहे. नवी नळी बसवल्यावर हेडस्पेस (बंद नळीत काडतुसाला मिळणारी लांबी) ०.८९८ आणि ०.९२० इंचांच्या दोन गेजनी तपासल्याशिवाय फैर झाडू नका. पहिल्या गेजवर स्लाइड पूर्ण बंद झाली पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये.

नळी, बसवणी आणि गेज यांचा खर्च मागितलेल्या भावातून वजा करा. विकणारा तेवढं उतरत नसेल तर सोडून द्या.